वर बघणाऱ्यांचा मुलूख

विचिटा शहर मागे टाकून ५४ नंबरच्या हमरस्त्याने पश्चिमेला निघाले की जमीन हळूहळू बोलायची थांबते. आधी टेकाडे संपतात, मग झाडे ओढ्यांच्या काठाला दबून बसतात. दोन्ही हातांना गहू, मधूनच गुरांचे कुरण, मधूनच मान वरखाली करत बसलेला एखादा तेलाचा पंप. आडवे-उभे कच्चे रस्ते एकमेकांना मैलामैलावर काटकोनात छेदतात. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी मोजणीदारांनी पट्टी ठेवून आखलेले. पाहण्यासारखे उरते ते आकाश. तेही इतके की माझ्यासारख्या सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा ते अंगावर आल्यासारखेच वाटते. कुठेतरी त्याला टेकायला काहीतरी हवे होते, असे सारखे वाटत राहते.

याच आकाशाखाली कॅन्सस राज्यातली कायोवा काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. ही मात्र आकाराने आपल्या सरासरी दोन तालुक्यांएवढी, सुमारे १,८७० चौरस किलोमीटरची. आणि २०२० च्या जनगणनेत इथली माणसे किती? अडीच हजारांच्या आत. आपल्याकडे एवढी मंडळी एखाद्या सरपंचाच्या मुलीच्या लग्नात जेवून जातात. ग्रीन्सबर्ग हे काउंटीचे मुख्य ठिकाण, पूर्वेला हॅविलंड, पश्चिमेला मलिनव्हिल. बाकी शेते आणि वारा.

मी तिथे गेलो तो टोर्नेडोच्या ओढीने. टोर्नेडो बघायला नव्हे, तेवढे धाडस माझ्यात नाही. जिथे हे वादळ पाहुण्यासारखे नाही तर भाऊबंदासारखे येत-जात असते, तिथली माणसे राहतात कशी, एवढेच बघायचे होते. पहिला धक्का खोलीच्या दारावरच बसला. आपल्याकडे जिथे चेक-आउटची वेळ लिहिलेली असते, तिथे इथे वादळ आले तर कोणत्या जिन्याने खाली कुठे जायचे ते लिहिले होते. दुसरा धक्का भोंग्याचा. या भागातल्या बऱ्याच गावांत ठरलेल्या वारी भरदुपारी वादळाच्या भोंग्याची चाचणी होते. माझ्या काळजाचा ठोका चुकला. समोर पेट्रोल भरणाऱ्या आजोबांनी भोंग्यावरून मनगटावरच्या घड्याळाची वेळ जुळवली.

तिसरा धक्का सर्वांत मोठा. भोंगा खरोखरीचा वाजला तर काय करता, असे मी ज्याला त्याला विचारत होतो. सगळ्यांचे अधिकृत उत्तर एकच: तळघरात जायचे, खिडकीपासून लांब राहायचे. पण जरा ओळख वाढली की माणसे हळूच कबूल करत: खरे म्हणजे आधी आम्ही ओसरीवर जातो. कशाला? बघायला! नैर्ऋत्येचा ढग कसा आहे, त्याचे बूड फिरते आहे का, गारा संपल्या का, वारा एकदम पडला का. मगच तळघर. हवामान खात्याला ही सवय अजिबात मान्य नाही, आणि त्यांचेच बरोबर आहे. पण जसजसा या काउंटीचा इतिहास कळत गेला, तसतसे माझ्या लक्षात आले की ही बघण्याची खोड इथली जुनीच आहे, आणि टोर्नेडोविषयी जगाला जे कळले त्यात या खोडीचा वाटा आहे.

आधी या वादळांचा गोतावळा इथेच का, ते सांगतो. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात. वसंतात तिथून उबदार, दमट हवा उत्तरेकडे सरकते. पश्चिमेच्या उंच पठारांवरून कोरडी हवा खाली उतरते. वर आकाशात वेगवान थंड वारे पश्चिमेकडून वाहत असतात. या तिघांच्या मध्ये आडवी पडेल अशी एकही पूर्व-पश्चिम डोंगररांग नाही. दमट हवा वेगाने वर चढते, जमिनीलगतचा वारा एका दिशेचा आणि उंचावरचा दुसऱ्या दिशेचा असल्यामुळे चढता चढता तिला पीळ बसतो आणि सबंध ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा महाढगांपैकी थोड्याच ढगांतून तो पीळ जमिनीपर्यंत उतरतो, आणि तो उतरला की टोर्नेडो. अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास टोर्नेडो होतात. बहुतेक दुबळे असतात: पत्रे उडवतात, फांद्या मोडतात, पाच-दहा मिनिटांत विरतात. सर्वांत वरच्या दोन श्रेणींतले शंभरात एखादेही निघत नाही. पण माणसे मारण्याचे काम मुख्यतः हे थोडेच करतात. आपली चक्रीवादळे शेकडो किलोमीटर पसरतात, समुद्रावर दिवसचे दिवस दिसत राहतात. टोर्नेडोला जन्म, तारुण्य आणि मरण यांसाठी तासभर पुरतो. म्हणूनच इथे प्रश्न एकच असतो: कोणी पाहिले, कधी पाहिले, आणि त्याचे ऐकले कोणी?

आता मलिनव्हिलचा गडी. १९१५ साली या गावाजवळून टोर्नेडो गेला. एका शेतावरचा एक सालदार कोठारात लपला होता. वादळ माथ्यावर आले, दार धाडकन उघडले आणि त्याला वर दिसले ते असे: वादळाची सोंड आतून पोकळ आहे आणि त्या पोकळीत विजांचा उजेड आहे. त्याने लोकांना सांगितले. पण मनुष्य फारशा ओळखीचा नाही, हाताखाली राबणारा. कोणी लक्ष दिले नाही. त्याचे नावसुद्धा या हकिकतीत उरलेले नाही.

ही हकिकत आपल्याला कळते ती विल केलर या ग्रीन्सबर्गजवळच्या शेतकऱ्यामुळे, आणि केलरला ती आठवली कारण तेरा वर्षांनी त्याने स्वतः तेच पाहिले. २२ जून १९२८, दुपारची तीन-चारची वेळ. गारपिटीने केलरचा गहू झोडपला होता, आणि घरची माणसे घेऊन तो नुकसान बघत शेतात उभा होता. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातला गारपीटग्रस्त शेतकरी आला. बांधावर उभे राहण्याची ती तऱ्हा जगात सगळीकडे सारखीच असावी. नैर्ऋत्येला छत्रीसारखा ढग, आणि त्याला लोंबणाऱ्या तीन सोंडा. केलरने घरच्यांना तळघराकडे पिटाळले, स्वतः दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. त्याने असे बरेच टोर्नेडो पाहिले होते. याला पोचायला थोडा अवकाश आहे, असा त्याने अदमास बांधला. सोंडेचे टोक जमिनीवरून उचलले गेले आणि थेट त्याच्या डोक्यावर आले. त्याने वर पाहिले.

वर गोल विवर होते. पन्नास ते शंभर फूट रुंद, आणि उंच तर निदान अर्धा मैल. त्याच्या भिंती फिरत्या ढगांच्या होत्या, आणि या भिंतींवरून त्या भिंतींवर विजा सतत नागमोडी पळत होत्या, म्हणूनच सगळे लख्ख दिसत होते. खालच्या कडेला लहान लहान वावटळी जन्मत होत्या, तुटून निसटत होत्या, आणि त्यांच्यातून किंकाळीसारखा फूत्कार निघत होता. खाली मात्र सारे निपचित. कसल्यातरी वायूचा उग्र वास, श्वास घेणे कठीण. एवढे सगळे पाहून केलर मग तळघरात उतरला.

त्याच्या घरावरून वादळ गेले आणि शेजाऱ्याच्या घरावर उतरले. शेजारीही गारपिटीतला गहू बघायलाच बाहेर पडलेला. तळघर गाठायला वेळ नव्हता, म्हणून ते कुटुंब एका दरडीच्या आडोशाला पालथे पडले आणि हाताला लागलेली रानटी प्लमची झुडपे घट्ट धरून राहिले. अंग जमिनीवरून उचलले जात होते, आणि डोक्यावर आपल्याच घराचा सांगाडा, त्यात आपल्याच स्वयंपाकघरातली शेगडी गरगर फिरताना दिसत होती. एकालाही इजा झाली नाही. मुळात गहू गेला नसता तर ही माणसे घरात असती.

केलरचे भाग्य असे की त्याच्या शब्दाला बाजारात किंमत होती. डॉज सिटीच्या हवामान कचेरीतल्या अलोन्झो जस्टिस यांनी त्याची जबानी शांतपणे टिपून घेतली आणि ती १९३० साली अमेरिकन हवामान खात्याच्या मासिकात छापून आली. टोर्नेडोच्या आत पाहून सांगायला उरलेल्या माणसाची इतकी तपशीलवार साक्ष तोवर शास्त्राकडे नव्हती. आजही अभ्यासक तिचा हवाला देतात. शास्त्राच्या दप्तरात केलर राहिला. सालदार मात्र केलरच्या सांगण्यातल्या चार ओळींपुरता राहिला.

शास्त्रज्ञांच्या गोटातही काही वेगळे घडत नव्हते. १८७९ च्या मे अखेरीस कॅन्ससमधले अर्व्हिंग नावाचे गाव एका संध्याकाळी लागोपाठ आलेल्या दोन टोर्नेडोंनी उद्ध्वस्त केले. त्या वादळांची पाहणी जॉन पार्क फिन्ली या लष्करी तरुणाने केली आणि पुढे १८८४ पासून टोर्नेडोचे अंदाज वर्तवायला घेतले. आपले ९६.६ टक्के अंदाज बरोबर ठरले, असा त्याचा दावा होता. एका टीकाकाराने शांतपणे दाखवून दिले की रोज डोळे मिटून ‘आज टोर्नेडो होणार नाही’ असे म्हटले असते, तर तेच ९८.२ टक्के बरोबर ठरले असते! विनोद बिनतोड होता, पण किंमत भारी पडली. थोड्याच वर्षांत अंदाजांमधून ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाच मनाई झाली. कारण काय, तर लोक घाबरतील, आणि वादळापेक्षा घबराटीनेच जास्त नुकसान होईल. ही बंदी १९३८ पर्यंत चालली. म्हणजे मलिनव्हिलच्या गड्याने आणि केलरने वर पाहिले, तेव्हा सरकारी अंदाजाच्या कागदावर त्या वस्तूला जागाच नव्हती.

पुढे २५ मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी तळाला टोर्नेडोचा इशारा दिला. पाचच दिवसांपूर्वी त्याच तळाला एका टोर्नेडोने झोडपले होते. पुन्हा तसा योग लगेच येणे जवळजवळ अशक्य. संध्याकाळी खरोखरच टोर्नेडो तळावर आला. १९५२ पासून हवामान खातेही असे अंदाज देऊ लागले. पण अंदाज कागदावर असणे आणि माणसाच्या कानी पडणे यांत केवढी दरी असते, ते कॅन्ससने २५ मे १९५५ च्या रात्री पाहिले. कायोवाच्या पूर्वेला दीड-दोनशे किलोमीटरवर युडॉल हे काहीशे वस्तीचे गाव. रात्री साडेदहाच्या सुमारास, निजानीज झालेली असताना टोर्नेडो गावात घुसला. गावापर्यंत इशारा पोचलाच नाही. ऐंशीच्या आसपास माणसे गेली. कॅन्ससच्या इतिहासात एका टोर्नेडोने घेतलेला हा सर्वांत मोठा बळी.

आता ४ मे २००७. तीच रात्रीची वेळ, तसेच छोटे गाव, पण हे आपल्या कायोवा काउंटीतले ग्रीन्सबर्ग. वस्ती दीड हजाराच्या आसपास. आलेला टोर्नेडो पावणेतीन किलोमीटर रुंद, म्हणजे गावापेक्षाही रुंद. ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास वारा. टोर्नेडोची ताकद मोजण्याची मूळ पट्टी तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दिलेली. हिरोशिमा-नागासाकीची पडझड तरुणपणी तपासलेला हा माणूस मोडलेल्या घरांवरून वाऱ्याचा वेग वाचायचा. त्या पट्टीची सुधारलेली आवृत्ती फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झाली आणि तिच्यावर पाचव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत बसलेला पहिला टोर्नेडो ठरला तो ग्रीन्सबर्गचा.

मात्र या वेळी वर बघणारे पुष्कळ होते आणि त्यांचे ऐकणारेही होते. ज्या कचेरीने एके काळी केलरची जबानी टिपली, त्याच डॉज सिटीच्या कचेरीत रडारवर ढगाचा पीळ दिसत होता. मैलामैलाच्या त्या सरळ रस्त्यांवर वादळाचा पाठलाग करणारे आणि प्रशिक्षित स्वयंसेवक गाड्या लावून उभे होते. काळोखात काही दिसत नव्हते. वीज चमकली की क्षणभर ती अजस्र भिंत दिसायची आणि ते ताबडतोब कळवायचे. पहिला इशारा अर्ध्या तासाहून अधिक आधी गेला. वादळ गावावरच येणार हे नक्की झाल्यावर कचेरीने साध्या इशाऱ्यापलीकडची ‘टोर्नेडो आणीबाणी’ जाहीर केली. भोंगे सुमारे वीस मिनिटे वाजत राहिले. पावणेदहाच्या सुमारास वादळ गावात शिरले आणि गेले तेव्हा ९५ टक्के गाव जमीनदोस्त झालेले होते. धान्याचा उंच काँक्रीटचा कोठा, १९१४ साली बांधलेले न्यायालय आणि अशा मोजक्या इमारती तेवढ्या उभ्या.

त्या टोर्नेडोने ११ माणसे मारली. आकडा लहान नाही. प्रत्येकाचे घर होते. पण युडॉलहून मोठे गाव, कितीतरी रुंद वादळ आणि तीच काळी वेळ, हे सारे शेजारी ठेवून पाहिले की कळते, बाकीची माणसे कशी वाचली. त्यांनी ऐकले आणि ती खाली उतरली. वर आली तेव्हा जिन्याच्या माथ्याशी घर नव्हते, नुसते आकाश होते.

ग्रीन्सबर्ग आज पाहताना मन जरा गोंधळते. गावाने २००७ च्याच डिसेंबरात ठराव केला की मोठ्या सरकारी इमारती ऊर्जाबचतीच्या अमेरिकेतल्या सर्वोच्च मानांकनाप्रमाणे बांधायच्या. असा ठराव करणारे ते देशातले पहिले गाव. दवाखाना, शाळा, नगरसभागृह सगळे नवे, उजेडाचे, जाड भिंतींचे. कॅन्सस विद्यापीठाच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या कलाकेंद्राचे नावच ‘पाच-चार-सात’, वादळाची तारीख. गावाबाहेर सगळ्या मिळून १२.५ मेगावॅटच्या दहा पवनचक्क्या फिरतात. ज्या वाऱ्याने गाव नेले त्याच वाऱ्यावर गाव चालते, हे वाक्य इथे प्रत्येक पाहुण्याला सुचते, आणि गावकरी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे सौजन्याने ऐकून घेतात.

गावाची दुसरी कीर्ती म्हणजे १८८७-८८ मध्ये हातांनी खणलेली विहीर. हातांनी खणलेली जगातली सर्वांत मोठी, असे तिचे बिरुद. खोली १०९ फूट, व्यास ३२ फूट. इथे माझ्यातला सातारकर जागा झाला. लिंब गावची बारामोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळातली, ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. पण परक्या गावात भांडण नको म्हणून मी गप्प बसलो. ग्रीन्सबर्गच्या विहिरीवरच्या संग्रहालयात हजार पौंडांचा एक अशनी ठेवलेला आहे, याच काउंटीतल्या शेतात १९४९ साली सापडलेला. २००७ च्या वादळात जुने संग्रहालय कोसळले आणि अशनी ढिगाऱ्याखाली गेला. नंतर तो सापडला. आकाशातून पडलेल्या वस्तूवर पुन्हा आकाश पडावे, हा योग याच काउंटीला साधला.

गाव नव्याने उभे राहिले, तरीही गणगोत पांगले ते पांगलेच. २००० साली ग्रीन्सबर्गची लोकसंख्या १,५७४ होती, २०१० साली ७७७, २०२० साली ७४०. उतरण वादळाआधीच सुरू झाली होती. यंत्रांमुळे शेतीला माणसे कमी लागतात, मुले शहराकडे जातात. वादळाने एका रात्रीत पंचवीस-तीस वर्षांचे काम केले. नव्या इमारतींनी गाव वाचवले. त्याला पूर्वीसारखे भरून देणे त्यांच्या हातात नव्हते. मला हे गाव विजयगाथा म्हणून दाखवणाऱ्यांचे पटत नाही, आणि चुकलेला खर्च म्हणणाऱ्यांचे त्याहून पटत नाही. ज्यांना राहायचे होते त्यांना राहता यावे एवढ्यासाठी ते बांधले गेले, आणि तेवढे काम ते चोख करते.

या काउंटीच्या इतिहासाची खरी कमाई मला इमारतींत दिसली नाही. १९१५ मध्ये एका गड्याने खरे सांगितले आणि कोणी ऐकले नाही. १९२८ मध्ये एका शेतकऱ्याचे ऐकून घेतले गेले. २००७ मध्ये अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, कोण कुठल्या माणसांचा शब्द काही मिनिटांत भोंग्यापर्यंत पोचला आणि गावाने तो मानला. वारा तोच राहिला. बदलली ती ऐकण्याची तऱ्हा, आणि जीव वाचले ते तिच्यामुळे.

मराठी मंडळी हल्ली मोठ्या संख्येने अमेरिकेला जातात, मुलांकडे राहतात, भाड्याच्या गाडीने लांब लांब फिरतात. एप्रिल ते जूनमध्ये या मैदानी मुलखातून जाणार असाल तर तीन गोष्टी सांगून ठेवतो. मुक्कामाला पोचल्यावर नाश्त्याची वेळ विचारण्याआधी आसरा कुठे ते विचारा. आकाश हिरवट-काळे झाले तर पुलाखाली गाडी लावू नका. पुलाखाली वारा कमी होत नाही आणि उडून येणारी पडझड चुकत नाही. आणि आपण या क्षणी कोणत्या काउंटीत आहोत, हे नाव सतत ध्यानात असू द्या. कारण रेडिओवर इशारा येतो तो बहुतेक काउंटीचे नाव घेऊन, आणि ते नाव आपले आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो इशारा दिलाच गेला नाही असे समजा.